शंभराचं शून्य

३ नोव्हेंबर, सोमवार
मुख्य कार्यालयाचं (मु.का.) पत्र. यापुढे प्रशिक्षणाला माणूस येणार नाही. धडे मोबाइलवर बघायचे, शेवटी मोबाइलवरच परीक्षा, पास झालं की प्रमाणपत्र. सुरुवातीला एकच दूध शीतकरण केंद्र निवडलंय, ते आमचं. जिंतूर-येलदरी रस्त्यावरचं, पत्र्याच्या शेडचं. आमच्याकडं जमलं तर मग बाकीची केंद्रं. केंद्रप्रमुख मी, म्हणून समन्वयक म्हणूनही माझंच नाव. खेड्यातल्या शाळेत पाटीवर शिकलेला माणूस आणि ऑनलाइनचा समन्वयक. संध्याकाळी दत्ताच्या फोटोला हात जोडताना एकट्यालाच हसू आलं.

पत्रात आणखी एक. दूध तपासणीचे बाबुराव डिसेंबरअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी बाहेरून माणूस घेण्याआधी केंद्रातल्याच प्रमाणपत्रवाल्याचा विचार करणार.

काशीबाई डबे धुवायच्या थांबल्या. "भाऊ, डबे धुनारीला बी चालंल का?"
म्हटलं, पत्रात डब्यांचं काही लिहिलेलं नाही. सातवी झालेल्या आहेत. चालेल.

७ नोव्हेंबर
आज सगळ्यांची नावं ॲपमध्ये भरली. प्रत्येकानं आपलं आपण भरायचं, असं ठरवलं. टँकरवाले नवाबभाई दोनदा स्वतःचं नाव चुकले. "साब, पंचवीस साल झाले, गाडी चुकलो न्हाई, नाव चुकायलोय."

काशीबाईंनी पोरीचा जुना मोबाइल आणलेला, काच तडकलेली. एकेक अक्षर शोधून पूर्ण नाव लिहिलं. वेळ लागला. कुणी घाई केली नाही. नाव पडद्यावर आल्यावर पदरानं काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

१२ नोव्हेंबर
मु.का.तून प्रशिक्षण बघणाऱ्या मॅडमचा फोन. "सर, तुमचं केंद्र शंभर टक्के! सगळे पास! मीटिंगमध्ये तुमचं नाव घेतलं." मला वाटलं होतं महिना लागेल. गावात ज्यांना कुणी दारात खुर्ची देत नाही अशी माझी माणसं, आणि शंभर टक्के. छाती भरून आली, खोटं कशाला लिहू. भजी मागवली. प्रमाणपत्रं छापून वाटली. काशीबाईंनी आपलं प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं.

१३ नोव्हेंबर
नवाबभाई टँकर लावत होते. सहज विचारलं, दूध थंड करणाऱ्या यंत्रातला विषारी अमोनिया वायू गळला तर पळायचं कोणीकडं? धड्यात काय सांगितलंय?
"वो सबक मेरा बाबुरावनं देखा ना, साब."
म्हणजे?
म्हणजे असं, की परवा संध्याकाळचं दूध उरकल्यावर बाबुरावांनी सगळ्यांचे मोबाइल टेबलावर ओळीनं मांडले, आणि धडे पुढं सरकवत सगळ्यांच्या परीक्षा एकट्यानं देऊन टाकल्या. लपवालपवी नाही. विचारलं तर म्हणाले, "एका डब्यात जेवतो आपन. एकानं सगळ्यांचा पेपर दिला तर काय बिघडलं? सगळ्यांचं कल्यानच झालं की!"
काशीबाईंचाही?
"मी आपली डबे धुवायले होते, भाऊ. बाबुरावदादा म्हनले, झालं तुजं."
शीतकरणाचा कॉम्प्रेसर दिवसभर कानात घुमत राहिला. उद्या खरंच अमोनियाची नळी फुटली तर…

१५ नोव्हेंबर
दोन दिवस मु.का.ला कळवलं नाही. बोलायची कुणाची सक्तीही नव्हती. पूजेला बसलो की मात्र मन लागेना. गंध उगाळताना हात थांबायचा. नवाबभाई कोणीकडं पळतील?

हिला सांगितलं. "लोक मार्क वाढवून मागत्यात. तुमी शून्य मागायला निघालात?" मग चहा पुढं सरकवत म्हणाली, "मागायचंच असंल तर आजच मागा. उद्या तुमचं मन बदलायचं."

फोन केला. सगळं खरं सांगितलं, बाबुरावांचा हेतू चांगला होता हेसुद्धा. म्हटलं, आमच्या केंद्राचं शून्य करा.
मॅडम : "सर, शंभर टक्के आहे तुमचं!"
"म्हणूनच म्हणतोय."
मग म्हणाल्या, शून्य करून मागणारे तुम्ही पहिलेच. करते. पण पाच डिसेंबरपर्यंत पुन्हा सगळं व्हायला हवं. नाहीतर प्रयोग दुसऱ्या केंद्राला जाईल.

१६ नोव्हेंबर
शून्य झाल्याचं सांगितलं, सगळे रागावले. बाबुरावांनी माझ्यासोबत चहा घेतला नाही. नवाबभाई सलाम न करता टँकर घेऊन गेले.

काशीबाईंनी प्रमाणपत्र आणून माझ्या टेबलावर ठेवलं. पिशवीसकट. "देवाजवळ लावलं होतं, भाऊ. आता तिथं नुसता खिळा राह्यला."
बाबुरावांचं तपासणीचं टेबल त्यांच्या हाताशी आलं होतं, मी ओढून घेतलं. चूक केली असं वाटत नाही. पण तो खिळा डोळ्यांपुढून हलत नाही.

१८ नोव्हेंबर
धडे कुणीच बघत नाही. नवाबभाई कानात वायर घालून टँकरच्या केबिनमध्ये घोरत होते, मांडीवर धडा आपला चालूच. काशीबाई म्हणतात, "ती मोबाइलातली बाई लय घाईत बोलती. मी एक समजून घेईपोतर ती तिसऱ्यावर जाती. आन एकटीनं काय ऐकायचं? कुनाला इचारावं?"

२० नोव्हेंबर
काशीबाईंचं "एकटीनं काय ऐकायचं" दोन दिवस डोक्यात होतं. लहानपणी गावात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा. मधेच कुणी शंका काढायचं, कुणी आपल्या म्हशीचा दाखला द्यायचं, हशा व्हायचा, पोथी पुढं जायची. अक्षर न येणाऱ्या माझ्या आईला त्यातलं सगळं येत होतं. आमची माणसं एकेकटी शिकलेलीच नाहीत कधी.

सकाळचं संकलन उरकल्यावर सगळ्यांना शेडमध्ये बसवलं. सतरंजी टाकली. दुधाचा डबा उपडा घातला, त्यावर माझा मोबाइल. पहिला धडा : हात कसे धुवायचे. थोडं चालवायचं, थांबवायचं, विचारायचं, ती बाई काय म्हणाली? ज्याला कळलं त्यानं आपल्या बोलीत सांगायचं.

बाबुराव खांबाला टेकून लांब उभे होते. बसले नाहीत. गेलेही नाहीत.

धडा संपला तसे काशीबाईंनी सवयीनं हात जोडले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही. मग सगळेच हसले. नवाबभाई : "सबक म्हना का अध्याय म्हना, परसाद कुठाय? चाय तरी सांगा, साब." चार दिवसांनी सलाम मिळाला.

२४ नोव्हेंबर
तीन अध्याय झाले. आम्ही धड्याला आता अध्यायच म्हणतो.
मु.का.ची हरकत. त्यांना एकच मोबाइल धडा बघताना दिसतो. मॅडम : "प्रत्येकानं आपापल्या मोबाइलवर बघायचं असतं, सर." सांगितलं, ऐकणं एकत्र, परीक्षा एकेकट्यानं, बंद खोलीत. वाटल्यास स्वतः येऊन बघा. त्या म्हणाल्या, वरच्यांना विचारते. तोपर्यंत काय करू? "तोपर्यंत… चालू द्या. मी काही ऐकलं नाही."

दूध नासतं कसं, हा आजचा अध्याय. कुणालाच नीट सांगता येईना. खांबाजवळून बाबुरावांना राहवलं नाही. पुढं आले, सतरंजीवर बसले आणि असा अर्थ लावला की मीसुद्धा धडा पुढं न्यायचा विसरलो. काशीबाई म्हणाल्या, "दादा, हे त्या दिशी सांगितलं असतं तर?" बाबुराव : "त्या दिशी तू डबे धुवायली होतीस ना!"
संध्याकाळी चहाला माझ्या शेजारी बसले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
अमोनियाचा अध्याय. ओला रुमाल नाकाला, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला पळायचं. लगेच करून पाहिलं. मी शिट्टी मारली. नवाबभाई जोरात पळाले, नेमके उलट्या बाजूला, एक चप्पल शेडमध्येच. काशीबाई ओरडल्या, "तिकडं न्हाई, नवाबभाई! पदर बघा, पदर कुनीकडं उडायलाय!" पदर उडतोय त्याच्या उलट पळायचं, हे ॲपमध्ये कुठंच नाही. दुसऱ्या शिट्टीला सगळे बरोबर. तिसऱ्यालाही.
आज नाव घ्यायला कुठली मीटिंग नव्हती. तरी बारा तारखेपेक्षा आजचा आनंद खोल आहे.

१ डिसेंबर, सोमवार
एकादशी. परीक्षा. माझ्या खोलीत एकेकानं जायचं, दार बंद. रेंज फक्त खिडकीपाशी येते, म्हणून खुर्ची तिथं. एकजण सोडून सगळे पास. नवाबभाईंनी बाहेर येऊन मला मिठीच मारली, डिझेलचा वास अजून सदऱ्याला आहे.

काशीबाई राहिल्या. येत नव्हतं असं नाही. तोंडी विचारलं तर सगळं येतं. प्रश्न वाचेपर्यंतच वेळ संपला. ॲप आणखी एकच संधी देतं, पाच तारखेपर्यंत.
बाबुरावांना बघवेना. "आन इकडं मोबाइल. दोन मिन्टात करतो."
"नगं, दादा. पुन्हा खिळाच राह्यचा."
 

३ डिसेंबर
काशीबाई दिसेल ते वाचताहेत. औषधाच्या बाटलीवरचं, टँकरच्या मागचं, एसटीची पाटी, माझ्या टेबलावरचं कालचं वर्तमानपत्र. मोठ्यानं. डबे धुतानाही बाबुराव शेजारी स्टुलावर बसून कागद धरतात. "बोट काढ आता. बोटाबिगर वाच." काल बोटानं वाचत होत्या, आज बोटाशिवाय. दोघांचं भांडण शेडभर ऐकू येतं. ऐकत राहावंसं वाटतं.

५ डिसेंबर, शुक्रवार
हे खोलीबाहेर पायरीवर बसून लिहितोय. काशीबाई आत आहेत.

सकाळी पूजेत काही मागितलं नाही. त्यांचं त्यांना येतंय, मधे मी कशाला. फक्त रेंज राहू दे म्हणालो.

संकलन आज जास्त झालं, डब्यांचा ढीग. परीक्षेची वेळ झाली तशा काशीबाई हात पुसून उभ्या, डब्यांकडं बघत. नवाबभाईंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "जाव बाई, आज हम धोते." बाबुराव, मी, सगळेच उतरलो. इतकी वर्षं त्या एकट्या धुतात. आम्ही एवढेजण मिळून निम्मे होईनात.

मधेच खिडकी खाडकन उघडली. "नवाबभाई, झाकनं आदी! आदी झाकनं! आवाजावरून कळायलंय मला. आन कडंला बोट फिरवून बघा, चिकट लागंल!"
बाबुराव : "तू पेपर लिव्ह की!"
"लिव्हायलेय!"
खिडकी बंद.

तेव्हापासून आत शांत आहे. एकत्र ऐकलेले धडे चालतील की नाही, याचं उत्तर मु.का.तून अजून नाही. काशीबाईंचा निकाल पडद्यावर यायचाय. खिळा रिकामाच आहे.

आत्ताच मी धुतलेल्या डब्याच्या कडेला बोट फिरवून पाहिलं. चिकट होता. वही ठेवतो, पुन्हा धुवायला हवा.