विकलेला फ्रिज

कोपर, डोंबिवली पश्चिम
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. भावजींचा गुडघा काय म्हणतोय? आणि तुमच्या बाळकुमच्या टॉवरची लिफ्ट सुरू झाली की अजून चौदा मजले चढताय? ऋतुराजच्या साखरपुड्याची पत्रिका मिळाली. मुलगी फोटोत गोड दिसते. मोकळं हसते, तोंडावर हात नेत नाही, मला तेवढं फार आवडलं.

आमच्याकडे तेच चाललंय. प्रशांतला भिवंडीच्या गोदामातून सकाळी मेसेज येतो, 'आज या' नाहीतर 'आज नको'. नको आला की दिवसभर गॅलरीत खाडीकडे तोंड करून बसतो आणि मी काही बोलले की म्हणतो, मी विचार करतोय. कसला विचार, डोंबल! मी तीन घरी पोळ्या करते. वर्षाली मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते, ते तुला माहीत आहेच. आत्ता दुपारचे तीन वाजलेत, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

फोन का नाही केला म्हणशील. केलेला गं, दोनदा केलेला. पहिल्यांदा तू पार्लरमध्ये होतीस. दुसऱ्यांदा उचललास, तर मी हॉलचा पत्ता विचारून ठेवून दिला, तोही पत्रिकेवर ठळक छापलेला असताना. फोनवर मला पटकन खोटं सुचतं, ताई. लिहिताना हात सावकाश चालतो, तेवढ्यात लाज वाटायला वेळ मिळतो.

तर तुझी अट. 'वर्षालीने माझ्यासमोर येऊन माफी मागावी, मगच साखरपुड्याला या.' तुझा मेसेज मी तिला वाचून दाखवला. वाटलेलं, फणकारेल. ती म्हणाली, "मागते. तुझी एकच बहीण आहे, तुटायला नको." आणि डबा घेऊन कामावर गेली. शनिवारी संध्याकाळी सहाला ती तुझ्याकडे येणार आहे. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून उद्या प्रशांतला मुद्दाम ठाण्याला पाठवतेय.

आता जुलैतल्या त्या रविवारचं सांगते.

त्या संध्याकाळी मी तुला फोनवर असं सांगितलेलं: तुझ्या ट्रस्टच्या बायका आल्या, घर बघितलं, चहा झाला, सगळं छान जुळून आलेलं, आणि कुणी काही विचारलेलं नसताना वर्षालीने मध्येच तोंड उघडलं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन शेजारी लपवलंय म्हणून सांगून टाकलं. तिच्या नर्सिंगच्या फीला ट्रस्टकडून मिळणारी मदत गेली, आणि शिफारस तुझी होती म्हणून तुझंही नाक कापलं गेलं. तू म्हणालीस, "कार्टीने तुझाही घात केला आणि माझाही." मी हो म्हटलं. तू मग फॅमिली ग्रुपवरही तेच लिहिलंस, आणि मी त्याखाली काहीच लिहिलं नाही.

तसं झालेलं नाही, ताई.

आदल्या दिवशी, शनिवारी, तुझा फोन आला ते तर तुला आठवत असेल. "रसिका, त्या बायका घर बघून ठरवतात. मागच्या वर्षी टिटवाळ्याच्या एकीकडे मोठा टीव्ही दिसला, तिचा फॉर्म तिथल्या तिथे बाजूला. फ्रिज-मशीन जरा इकडेतिकडे कर." तू माझ्या भल्याचंच सांगितलंस. माझी त्यावर तक्रार नाही. रविवारी मी शेजारच्या दगडूमामांना हाक मारली. ते, त्यांची सून ऐश्वर्या आणि मी, तिघांनी मिळून फ्रिज त्यांच्या दारामागे ढकलला, मशीन त्यांच्या मोरीत. टीव्ही भिंतीवरून निघेना, तेव्हा त्याच्यासमोर सासूबाईंचा हार घातलेला फोटो ठेवला. हौसाबाईंनी आयुष्यभर मालिका बघितल्या, त्या दिवशी मालिकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला तेव्हा हसू येत होतं, शप्पथ. मला ती गंमत वाटत होती.

वर्षाली सकाळीच क्लासला गेलेली, आणि प्रशांत गोदामात. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

दोघी जणी आल्या. एक तुमच्या अध्यक्षबाई आणि एक चष्मेवाल्या, फाइल घेऊन. चांगल्या होत्या गं. चपला बाहेर काढल्या, खाली सतरंजीवर बसल्या. चहा पिता पिता चष्मेवाल्या बाईंची नजर कोपऱ्यात गेली. आमची लादी पिवळी पडलीय, पण फ्रिज होता तेवढा चौकोन पांढराशुभ्र. आठ वर्षं तिथे पोछा लागला नाही आणि पायही नाही. त्यांनी विचारलं, "इथे काय होतं हो?"

कपाट होतं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "फ्रिज होता. विकला. हिच्या फीसाठी."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ताई. तू फक्त हलव म्हणालीस. विकला हे माझं स्वतःचं.

त्या दोघींचे चेहरेच बदलले. अध्यक्षबाईंनी माझा हात हातात घेतला, "आई असावी तर अशी" म्हणाल्या. आणि मला रडू आलं. खोटं नाही, खरंखुरं, हुंदके देऊन. शेजारी फ्रिज घरघरतोय आणि इकडे मी त्याच्या नावाने रडतेय. सांगू का, मला बरं वाटत होतं. किती वर्षांनी कुणीतरी मला चांगली म्हणत होतं.

तेवढ्यात वर्षाली दारात आली. येताना दगडूमामांच्या दारामागे तिला आमचा फ्रिज दिसला असणार. अध्यक्षबाईंनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "बाळ, तुझ्यासाठी आईने घरातला फ्रिज विकला. आयुष्यभर लक्षात ठेवशील ना?"

म्हणजे तिला विचारलं गेलं. सरळ तोंडावर विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली, चांगली थांबली. मी डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. ती हळूच म्हणाली, "विकला नाहीये. शेजारी ठेवलाय, तुम्ही येणार म्हणून. फ्रिज आमच्याकडे आहे आणि फी भरायला पैसे नाहीत. दोन्ही खरं आहे, मॅडम."

उद्धटपणे नाही गं म्हणाली.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "खोटं बोलतेय ती. तिला शिकायचंच नाहीये, म्हणून मुद्दाम मोडता घालतेय."

हे वाक्य मी तुला कधी सांगितलं नाही. प्रशांतलाही नाही. दोन परक्या बायकांसमोर मी माझ्या पोरीला खोटारडी ठरवलं, आणि त्या खोलीत खरं बोललेली ती एकटीच होती.

चष्मेवाल्या बाई उठून दगडूमामांच्या दारात गेल्या. दारामागे फ्रिज, आणि त्यावर वर्षालीचं बारावीचं टाइमटेबल चिकटवलेलं, नावासकट. त्या परत आल्या, फाइल मिटली. जाताना म्हणाल्या, "इतकं सगळं असताना कशाला मागता हो?"

इतकं सगळं! चार महिने ते दोन शब्द माझ्या डोक्यात फिरतायत. मशीन का घेतलं ते सांगू? सासूबाई दीड वर्ष अंथरुणात होत्या, दिवसाला चार चादरी निघायच्या आणि मला पोळ्यांना जायचं असायचं. हे वाचून तू म्हणशील, अगं मग हे त्यांना सांगायचंस ना, कारण होतं तर. पण फ्रिजला असलं काही कारण नाही, ताई. प्रशांतची कंपनी चालू होती तेव्हा हप्त्याने घेतला. चालू आहे, छान चालतो. त्यात औषध नाही की इंजेक्शन नाही. दूध असतं, कोथिंबीर असते, आणि थंड पाण्याच्या दोन बाटल्या असतात, कारण तीन घरच्या तव्यांसमोर उभी राहून आले की मला थंड पाणी लागतं. मला ते आवडतं. त्यासाठी कुणी आजारी असायला हवं का?

भंगारवाल्याला मी नंतर खरंच विचारलं. त्याने सांगितलेल्या पैशांत वर्षालीच्या कॉलेजचा नुसता गणवेश आला असता, बूट नाहीत. आपण लहानपणी खडवलीला होतो तेव्हा माठ, चूल आणि एक बल्ब बघून कुणालाही कळायचं घरात काय आहे ते. तुझ्या डोळ्यांसमोर अजून तेच घर आहे, आणि त्या बायकांच्याही. आता दुकानदार फ्रिज हप्त्याने दारात आणून देतो. कॉलेजच्या फीच्या खिडकीत हप्ता विचारला तर 'चला, पुढचा कोण?' म्हणतात. माझी उजवीकडची दाढ मी काढून टाकली, वाचवणं परवडत नव्हतं म्हणून. आता डावीकडूनच चावते आणि हसताना हात तोंडावर जातो. ते कुणाला दिसत नाही. त्या बायकांनी मला आ करायला लावला असता तर फॉर्म तिथल्या तिथे पास झाला असता बघ.

पण त्यांच्यावर चिडायचा मला काय हक्क? प्रशांतची कंपनी चालू होती तेव्हा माझ्याकडे चंद्रभागा म्हणून एक बाई भांड्याला यायची. तिने तिच्या मुलीसाठी वर्षालीची जुनी पुस्तकं मागितली. मी म्हणाले, "एवढा मोठा फोन परवडतो तुला, मग पुस्तकं घे की विकत." पुस्तकं माळ्यावर पडून होती. मी ती रद्दीत घातली. तिच्या फोनचं मी किती जणींना सांगितलं असेल, हसून हसून. तेच माप मला लागलं, तर मला आठवण झाली.

वर्षालीने त्या दिवसानंतर यावर एक अक्षर काढलेलं नाही. मी तुला फोनवर खोटं सांगत होते तेव्हा ती तिथेच कांदा चिरत होती. सगळं ऐकत होती. ग्रुपवर तू लिहिलंस, 'जास्त शिकायच्या आधीच जीभ चालते', तेही तिने वाचलं. प्रशांतने तिला दोन दिवस धारेवर धरलं. ती म्हणू शकली असती, बाबा, आईला विचारा. नाही म्हणाली. यंदाचं वर्ष गेलं, तरी नाही. मला वाटायचं, लहान आहे, विसरली असेल. परवा ती 'मागते माफी' म्हणाली तेव्हा कळलं, ती काहीच विसरलेली नाही. माझ्या वाटणीची माफी ती मागायला निघालीय, आणि मी तिला कोणता ड्रेस घालशील विचारत होते.

तेव्हा ताई, हात जोडून सांगते, तिची माफी घेऊ नकोस. ग्रुपवर जे लिहिलंयस, ते तिथेच, सगळ्यांसमोर, मागे घे. माझं नाव घालून लिही, मी रागवणार नाही. साखरपुड्याला मी डोळ्यांसमोर नको असेन तर तसं कळव, मी येणार नाही, पण वर्षालीला बोलव. अध्यक्षबाईंनाही मी वेगळं पत्र लिहितेय. मदत मागायला नाही. त्या पोरीला खोटारडी समजून गेल्या असतील तर तेवढं पुसून टाकायला.

राहिलं एक. तुला ही तीन पानं लिहिली, आणि जिचं मी नुकसान केलं तिला एक वाक्य बोलायला चार महिन्यांत तोंड उघडलं नाही. सात वाजता ती येईल. पाकीट चिकटवायच्या आधी हे तिला वाचून दाखवणार आहे. सगळं, मधलं काही न गाळता.

*

सव्वासात झालेत. वाचून दाखवलं. चपलासुद्धा न काढता दारातच टेकून उभी राहून तिने शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हणाले, वर्षू, माझं चुकलं. मला वाटलेलं, जाऊ दे गं आई असं म्हणेल, रडेल, गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मग शनिवारी मी कशाला जाऊ? तू जा."

शनिवारी सहाला मी येतेय, ताई. एकटीच.

वर्षालीची आई,
रसिका