ग्राइंडरच्या वरचा आवाज

लोणार,
शुक्रवार, दुपार (लाइट गेली आहे, म्हणून हाताला सवड)

आदरणीय उकंडरावदादा यांसी,

लोणारहून माणिकरावाचा रामराम पोचावा. (नात्यानं मी तुमच्या घरचा जावई, म्हणून मान माझा, वयानं तुम्ही थोरले, म्हणून मान तुमचा, तेव्हा दोन्ही मान एकमेकांत वजा करून सरळ लिहितो.) तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल. मनकर्णावहिनींची कंबर कशी आहे ते तुम्ही फोनवर सांगत नाही आणि त्या फोनवर येत नाहीत, म्हणून इथं विचारतो. शिवमचा नवा ट्रॅक्टर रुळला असेल. चि. डिंपल कॉलेजच्या शिबिराला गेल्याचं तुमच्याकडूनच कळलं. शिबिरं चांगली, पोरी चार दिवस बाहेरचं जग पाहतात. वास्तुशांतीची पत्रिका मिळाली. कागद इतका जाड आहे की तुमच्या बहिणीनं ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली आहे (राग मानू नये, सारखी डोळ्यांसमोर राहते, तारीख विसरणं नाही). नव्या घराच्या फाटकाचं म्हणाल तर ते तयार आहे. वर दोन मोर मागितले होते, दोन्ही झाले. डावा मोर जरा बदकासारखा दिसतो, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला उजवाच आधी दिसेल असं लावू.

आता फोन असताना पत्र काऊन, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे दादा, की तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. परवा तुम्ही मला म्हणालात, "सुनेले रविवारपर्यंत पाठवून द्या, लोकांसमोर ग्राउंडवर लोळली, तेवढं बस झालं," तेव्हा मागून कोणीतरी तंबाखू मळत "बराबर आहे" म्हणाल्याचं मी ऐकलं. म्हणजे पारावरची सगळी मंडळी ऐकत होती. तुमच्या घरचं बोलणं मला तुमच्याशीच बोलायचं आहे. म्हणून हे पाकीट तुमच्या डोणगावला माल न्यायला येणाऱ्या आमच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं आहे आणि त्याला सांगितलं आहे की दादा एकटे असतील तेव्हाच दे. (तो रात्रीपर्यंत थांबला तर त्याला चहा तेवढा पाजावा.)

सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्यापर्यंत शेवटच पोचला आहे. मी या बास्केटबॉलच्या भानगडीत पडलो तो वेल्डिंगमुळे. प्रेमानंद सर प्राचार्य झाले तेव्हा कॉलेजचा रिंगचा खांब वाकून जमिनीला टेकायला आला होता आणि त्यावर वॉचमन चड्ड्या वाळवायचा. सरांनी मला खांब सरळ करायला बोलावलं. केला. मग म्हणाले, "माणिकराव, तुम्ही तरुणपणी खेळलेले, पोरींना जरा दाखवा ना." बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून मी हातात वेल्डिंगची काच धरली होती, तेव्हापासून कॉलेजनं मला परत बोलावलं ते हे असं. मुलींचा संघ म्हणजे काय होता? आदल्या वर्षी अठ्ठावन्न-चारनं हरलेला, आणि त्या चारातले दोन गुण समोरच्या पोरीनं चुकून आपल्याच रिंगमध्ये टाकलेले. ग्राउंड म्हणाल तर तालुक्यातला सगळ्यात सपाट सिमेंटचा तुकडा, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास त्यावर संस्थेच्या एका सदस्याचं सोयाबीन वाळत पडायचं. आमच्या पोरी कडेकडेनं पळायच्या. एक दाण्यावरून घसरली, मनगट गेलं. दुसऱ्या दिवशी तो सदस्य येऊन सोयाबीन सांडलं म्हणून माझ्यावरच चिडला.

पण खरी अडचण ग्राउंडची नव्हती, आवाजाची होती. या खेळात ओरडावं लागतं दादा. चेंडू इकडे दे, मागे कोणी आहे, मी मोकळी आहे, हे ओरडूनच सांगायचं. आमच्या पोरी तोंड उघडायच्या आणि आतून वाफ यायची. जन्मभर "हळू बोल, लोकं आयकतेत" एवढंच ऐकलेल्या पोरी त्या. तेव्हा मी त्यांना आमच्या वर्कशॉपला आणलं, पत्र्यावर ग्राइंडर चालू केला आणि म्हटलं, ज्या पोरीचा आवाज मला याच्या वर ऐकू येईल ती संघात. पहिला आठवडा कोणाचाच आला नाही. शेजारच्या पंक्चरवाल्यानं मला विचारलं की या पोरी काही गिळून राह्यल्या का. आणि मग एके दिवशी एक आवाज आला, "सर, चेंडू!" असा, की माझ्या हातातून कटिंग वाकडं गेलं. ती पूनम. रोहिणखेडची, वसतिगृहात राहणारी. पुढे शिवमसाठी तिचं स्थळ मीच तुम्हाला सुचवलं, आणि तिच्या वडिलांना रोहिणखेडला जाऊन शब्दही मीच दिला, की पोरगी शेवटचं वर्ष पुरं करील आणि खेळेल. तुम्ही पान लावता लावता म्हणालात, "खेळू द्या, आपल्या घरी कशाची कमी आहे." हे वाक्य मी तिच्या वडिलांना जसंच्या तसं पोचवलं होतं. माणूस साधा आहे, डोळे पुसले त्यानं.

लग्नानंतर पूनम पहाटेच्या गाडीनं डोणगावहून मेहकर आणि मेहकरहून लोणार अशी यायची. यायची रोज, दादा, त्यात खोट नाही. पण तिचा आवाज ग्राइंडरच्या खाली गेला. मी म्हटलं, नवी नवरी आहे, लाजत असेल. मग पळताना थांबायला लागली. म्हटलं, झोप होत नसेल (वर्कशॉपमधली पोरं नवीन लग्नानंतर अशीच येतात, त्यांना मी काही विचारत नाही). माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार होतं.

मग बुलढाण्याची स्पर्धा आली. प्रेमानंद सरांनी आधीच सांगितलं होतं की यंदा एक तरी सामना जिंका, नाहीतर संस्थावाले ग्राउंडचा तो कोपरा दुचाकी लावायला मागताहेत. आणि आमचा पहिलाच सामना कोणाशी, तर मेहकरशी. म्हणजे आमच्याकडून तुमची सून आणि त्यांच्याकडून तुमची लेक. मी पूनमला सांगितलं, डिंपलला तू धर, ती उजव्या हाताची आहे, तिकडून अडव. "हाव सर," म्हणाली. आणि धरलं म्हणजे कसं, तर सासऱ्यापुढून जावं तसं, दोन हात लांबून, मान खाली. डिंपल सहज जाऊन गुण करत होती. दुसऱ्या डावात एकदा पूनमचा हात सवयीनं गेला, चेंडू हिसकावला गेला, समोर सगळं ग्राउंड मोकळं. तिनं वर पाहिलं, तर नणंदबाई. आणि दादा, तिनं तो चेंडू दोन्ही हातांनी, भरलेलं ताट द्यावं तसा, डिंपलला परत दिला. पंच शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे पाहायला लागला. त्याच्या नियमात असं काही नव्हतं. डिंपलही खेळायची थांबली. "वहिनी, हे काय करून राह्यल्या?" तर ही म्हणते, "राहू द्या ताई, तुमचाच होता." मेहकरचे लोक पोट धरून हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. मग मी टाइम-आउट घेतला.

आता इथं पत्र थोडं जड होतं, तेव्हा तुम्ही ते खाटेवर बसून वाचावं.

टाइम-आउटला सगळ्या गोल करून उभ्या होत्या आणि मला कोणाच्या तरी पोटातून गुरगुर ऐकू आली. मी म्हणालो, "हे कोणाची मोटारसायकल चालू झाली बे?" पोरी हसल्या. पूनमही हसली, पोटावर हात ठेवून. माझे कान तिखट आहेत असं गावभर नाव आहे. जोड ठोकून तो आतून पोकळ आहे का ते मी आवाजावरून सांगतो. पोकळ आवाज ऐकला आणि विनोद करून बसलो. शेवटच्या डावात आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि पूनमला दोन फ्री थ्रो मिळाले. रेषेवर उभी राहिली, हात वर केले, चेंडू हातातून मागे गळला आणि त्याच्या पाठोपाठ ती. लोळली म्हणता तुम्ही. लोळली नाही. उभी घडवंची पाय निघाल्यावर बसते तशी बसली.

सगळ्यात आधी डिंपल पोचली. आमच्या बाकावरून पाणी घेतलं, गाडीत पूनमचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आपला सामना तसाच टाकून. (सामना पुढे झाला. मेहकर डिंपलशिवाय आणि आम्ही पूनमशिवाय, दोघांनीही नंतर एकही गुण केला नाही, त्यामुळे दोननंच हरलो. सरांनी याला अहवालात "लक्षणीय प्रगती" लिहिलं आणि पार्किंग जानेवारीच्या स्पर्धेपर्यंत पुढे ढकललं.) दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सहाच्या खाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, कालपासून काय काय खाल्लं? पूनम पटापटा सांगायला लागली: रात्री पिठलं, भाकरी, ठेचा, मामाजीसाठी (म्हणजे तुमच्यासाठी) वेगळी शेवभाजी, सकाळी पोळ्या, वांग्याची भाजी, ह्यांचा डबा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं खाऊन रक्त का नाही? तर पडद्याशेजारून डिंपल म्हणाली, "मॅडम, ते तिनं केलेलं सांगून राह्यली. खाल्लेलं विचारा."

पुढचं डिंपलनं सांगितलं, वऱ्हांड्यात, भिंतीकडे तोंड करून. तुम्ही पारावरून रात्री उशिरा येता. तुमच्याआधी कोणी ताटावर बसत नाही. तुमच्यानंतर शिवम, मग मनकर्णावहिनी आणि डिंपल, आणि मग जे उरेल ते पूनमचं. रोजच उरतं असं नाही. पहाटे गाडीच्या आधी ती सगळ्यांचं करून ठेवते, पण देवाला नैवेद्य आणि तुमचा पहिला घास झाल्याशिवाय सुनेनं तोंडात काही घालायचं नाही. आणि तुम्ही उठेपर्यंत तिची गाडी मेहकरच्या पुढे गेलेली असते. डिंपल म्हणाली, "मी मधात बसतो. माह्यानंतर भांड्यात काय राहते, ते मी कधी पाह्यलंच नाही." मी परत आत गेल्यावर पूनम मला एवढंच म्हणाली, "सर, आमच्या बाबाले सांगू नका."

दादा, कोणी तिला उपाशी ठेवलं नाही हे मला माहीत आहे. तुमच्या घरी पायली पायलीनं दळण होतं, पारावरचा कोणी माणूस तुमच्याकडून चहाशिवाय परत जात नाही. कोणी ठेवलं नाही म्हणूनच तर कोणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही नेहमी अभिमानानं सांगता, की आमच्या घरी चार पिढ्यांत थोरल्याआधी कोणी जेवलं नाही. मी तुमच्या घरचा जावई म्हणून पहिल्या पंगतीला बसून हे वाक्य बरेचदा ऐकलं आहे आणि दरवेळी वाढून घेतलं आहे. आता मला ते ऐकवत नाही. आणि रोहिणखेडच्या त्या माणसापुढे मी पुन्हा कोणत्या तोंडानं जाऊ ते तुम्हीच सांगा.

तूर्त पूनम आमच्याकडे आहे. इंजेक्शनं चालू आहेत. रविवारी ती येणार नाही. बाकी सर्व ठीक. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, मधल्यांनी आपलं आपण वाटून घ्यावं.

आपला,
माणिकराव

ता.क. १. वास्तुशांतीला पूनमला घेऊन आम्ही येऊ, पण एक मागणं आहे, आणि खरं म्हणजे एवढ्याचसाठी एवढी शाई घातली. त्या दिवशी पूनम पहिल्या पंगतीला बसावी. तुमच्या शेजारी. सगळ्या पारासमोर. स्वयंपाकाला आचारी मी पाठवतो.

ता.क. २. फाटक पूनमसोबतच येईल. तुम्हाला वरचं जमत नसेल तर फाटक वर्कशॉपलाच राहू द्या, मोर इथं सुखात आहेत. फाटकाशिवायही वास्तुशांती होते, फक्त गुरं आत येतात.

ता.क. ३. डिंपलला कसलंही शिबिर नाही. तीही आमच्याकडेच आहे. पूनम ताटावर बसल्याशिवाय ती बसत नाही, आणि पूनम हिच्याआधी बसत नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस आमच्या घरी कोणीच जेवलं नाही. हे पत्र तुमच्या बहिणीला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, भावाला असं लिहिलं म्हणून रागावेल. तिनं पेन मागितला.

दादा, मी गीता. ह्यायनं लय गोड लिहिलं, मले तसं येत नाही. आपली माय चुलीपाशी उभ्यानं खाये. तुले माहीत नाही, कारण तू तवा हात धुऊन उठून गेलेला राहे. मी पाह्यलं हाय. म्या लग्न होऊन इकडं आल्यावर पह्यल्यांदा बसून जेवली. पह्यल्या पंगतीत पूनम, डिंपल अन मनकर्णावहिनी तिघी बसतीन. वाढायले मी राहीन, अन तूबी राहशीन. गुडघ्याचं सांगू नको, पारावर जाताना तो दुखत नाही.

काल दुपारी पूनम ताटावर बसली होती अन मी अंगणात होती. तिनं आतून हाक मारली, आत्याबाई, आणखीन एक भाकर आना. बाजूले वर्कशॉपात ह्यायचा ग्राइंडर चालू होता. तरी आयकू आलं.