दादा, तू वर येऊ नको

लेहच्या वर, रस्त्याच्या कामावर

भागवतदादाच्या पायावर कडूबाचं डोकं. मी बरा आहे, आईला एवढंच सांग. फोनवर ती बाजूलाच असते, म्हणून गावाकडं निघालेल्या सलीमपाशी चिठ्ठी देऊन राह्यलो.

माझा फोटो पाहून तू म्हणला, वाटूरचा ढोल्या एवढा वाळला, मंग मी बी दोन महिने येतो, पोट जाईल. दादा, बिलकुल येऊ नको. इथं हवा विरळ आहे. चार फावडी मारली की दम लागतो, अन् ताटावर बसलं की भूक मरते. एकशेचार किलोचा मी शहाऐंशीवर आलो, पण पोटासंगं दंडबी गेले. तुझ्याएवढाच जाड एक जण आल्ता. तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ निळे पडले, नाकाला नळी लावून खाली न्यावा लागला.

तुझं बीपी कसं आहे? दैवशालावहिनी तुला रोज चालायला नेतात का? तेच चालू ठेव.

आईनं बांधलेला करदोडा परवा काम करता करता कमरेवरून घसरून पायात पडला. दोन गाठी मारून परत घातला. हे तिला सांगू नको, ती जेवण सोडंल.

तुझा बारका,
कडूबा