पस्तीस आठवडे आणि दोन दिवस

८ मार्च

श्री. व्याहीबुवांस,
स. न. वि. वि.

काल सकाळी एका शाळेच्या पायपेटीचा नवा भाता उघडला आणि हात तिथेच थांबला. शाळेला घाई होती, म्हणून सरस पुरता वाळायच्या आत मीच तो मिटून ठेवला होता. चामड्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. ओढाव्यात तर फाटतील, न ओढाव्यात तर वारा भरेना. पंचवीस वर्षं बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो आहे, तरी ही चूक झाली. हात धुतले आणि आपलं निमंत्रण पुन्हा वाचलं. सत्तावीस तारखेला आपली साठी, त्याच सकाळी ऑपरेशन करून नातवंड, आणि संध्याकाळी हॉलमध्ये दोन्हींचा आनंद.

माझ्या मुलीची पहिली सोनोग्राफी झाली तेव्हा ती आमच्याकडे होती. त्या रिपोर्टप्रमाणे सत्तावीस तारखेला पस्तीस आठवडे आणि दोन दिवस होतात. तिथल्या नर्सबाईंनी मला नीट समजावलं होतं. हृदय सहाव्या आठवड्यातच धडधडू लागतं, मूत्रपिंडं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कामाला लागतात, पण फुप्फुसं शेवटी तयार होतात. त्यांतल्या बारीक फुग्यांना आतून साबणाच्या पाण्यासारखा पातळ थर चढावा लागतो. तो पुरेसा नसला, तर श्वास सोडला की फुगे मिटतात, आणि पुन्हा उघडताना बाळाच्या जिवावर येतं.

रिपोर्टची नक्कल जानेवारीतच आपल्या हातात दिली होती. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली का, एवढंच कळवावं. फोन आपण ठेवून देता, म्हणून हे पत्र.

आपला लोभ आहेच असं धरून चालतो,
व्याही


११ मार्च

पेटीवाल्यांस,
नमस्कार.

पत्र वाचून हसू आवरलं नाही. भात्याला ठिगळं लावणारा आता डॉक्टरकी शिकवायला लागला!

सूनबाईंचे नऊ महिने भरत आले आहेत. आमच्या मंडळींनी बोटांवर मोजले आहेत, आणि त्यांची स्वतःची चार बाळंतपणं झाली आहेत. तुमची किती झाली? दवाखान्यात त्यांचाच हिशोब लिहिला आहे. तुमचा कागद पहिल्या तपासणीचा. तेव्हा बाळ शेंगदाण्याएवढं होतं. शेंगदाण्यावरून तारीख काढायची असेल तर आपल्या दुकानात काढा. डॉक्टरीणबाईंना तो दाखवायची मला गरज वाटली नाही. छत्तीस वर्षं हेडक्लार्क होतो. कुठला कागद पुढे ठेवायचा नि कुठला मागे, हे मला खेड्यातल्या सातवीकडून शिकायचं नाही.

मूल पायाळू आहे, ऑपरेशन व्हायचंच आहे. ते माझ्या तारखेला झालं तर तुमच्या पोटात का दुखतं? आजोबा आणि नातू एका तारखेचे, असं किती घरांत असतं? दीडशे माणसांना निमंत्रणं गेली आहेत.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.


१४ मार्च

व्याही,
नमस्कार.

म्हणजे कागद दाबून ठेवलात. माझा समज होता की विसरला असाल.

सातवी खेड्यातच झाली, खरं आहे. पण शेंगदाण्याएवढं असतानाच माप खरं मिळतं, हे मला कळलं आणि तुम्हाला नाही. सुरुवातीला सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात. पुढे एक अंगाने भरतं, दुसरं बारीक राहतं. आणि आमच्या मुलीचे महिने कधीच वेळेवर नव्हते, तेव्हा विहीणबाईंच्या बोटांना दोष देत नाही. दोष तुमच्या हातांना आहे.

शेवटच्या आठवड्यांत कातडीखाली चरबी भरते, म्हणून बाळ बाहेर ऊब धरतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ तेव्हाच पक्का बसतो. मेंदूची तर केवढी वाढ व्हायची असते. मी रोज देवापुढे दोन मिनिटं उभा राहतो, मागत काही नाही. पण हा क्रम ज्याने लावला, त्याच्या कामात हॉलच्या बुकिंगसाठी लुडबुड करावी, एवढे मोठे तुम्ही नाही आणि मीही नाही.

मुलीला मी काही बोललेलो नाही. तिला धसका बसू नये आणि तुमचा मान राहावा, म्हणून. वीस तारखेपर्यंत तुम्ही स्वतः जाऊन कागद दाखवा. सापडला म्हणा, हवं तर. मी तोंड उघडणार नाही.

पुढचा लोभ तुमच्या हाती.


१७ मार्च

पेटीवाले,

मला मुदत घालता? मुलीच्या बापाने किती बोलावं याला काही सुमार आहे. दवाखान्यात पाय ठेवलात, तर सूनबाईंना तुमच्याकडेच ठेवा. मुलगा माझ्या शब्दाबाहेर नाही. पुन्हा पत्र लिहू नका.


२१ मार्च

व्याही,

काल दिवे लागेपर्यंत वाट पाहिली. आज सकाळी दुकान न उघडता तुमच्या घरी आलो. तुम्ही हॉलवर खुर्च्या बघायला गेला होता.

मुलीला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल. तिने आधी मलाच फैलावर घेतलं. पोट माझं आणि पत्रं तुम्ही दोघं कसली लिहीत बसलात, म्हणाली. खरंच, पहिलं पत्र तिलाच लिहायला हवं होतं.

जावईबापूंनी गाडी काढली. वाटेत एवढंच म्हणाले, की बाबांनी तो कागद कधीच हरवला म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि सत्तावीस तारखेवर रेघ मारली. कळा आधी आल्या नाहीत तर चोवीस एप्रिल, असं लिहून मुलीची सही घेतली. मग चढ्या आवाजात विचारलं, की हा कागद इतके दिवस होता कुठे. तुमचं नाव मी घेतलं. व्याह्याचं नाव असं चारचौघांत घ्यावं लागेल, हे कधी मनात आलं नव्हतं. घेतलं.

नंतर मुलगी म्हणाली, आता तिकडे नको. तिची बॅग जावईबापूंनी भरली, मी उचलली. दोघंही आमच्याकडे आहेत.