दोरीवरची जागा

२० जानेवारी १९९९, बुधवार

ईदची सुट्टी. आज तीन फेऱ्या! पहिली सकाळी सहाला. शेवटची धक्क्याला लागली तेव्हा मगरीबची बांग चालू होती. शेवटच्या फेरीत आठ गिऱ्हाइकं, त्यातल्या पाचांना बोट लागली. दोघे शहाणे—कडेला जाऊन ओकले. बाकीचे डेकवरच. पुसायला मी आहेच.

कंबर धरली आहे. आमिष कापताना बोटांना चिरा पडल्या, वास जायला चोळलेलं लिंबू त्यात झोंबतं. एक बाई विचारत होती, यू लाइक युवर जॉब? म्हटलं, यस मॅडम, व्हेरी नाइस. खोटं बोलायला इंग्रजी बरं पडतं.

२२ जानेवारी

मालकाने व्हिसाचा विषय काढला. २८ फेब्रुवारीपर्यंत सांग—अजून दोन वर्षं, नाहीतर खलास. कागद खैरुद्दीनकडे देऊन ठेवलाय. खैरुद्दीन आमचा कॅप्टन, जयगडचा, बारा वर्षं इथे खोर फक्कानला आहे. म्हणाला, “सही कर रे मेल्या. गावाला जाऊन काय मासे मारणार?”

ह्याला कोण सांगणार, गावाला मी मासेच मारत होतो! इथे लोक मारतात, मी त्यांच्या गळाला आमिष लावतो. आणि मोठा मासा लागला की फोटो काढून परत पाण्यात सोडतात. पहिल्या वर्षी हे बाबांना लिहून कळवलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

पगार आठशे दिरहम. म्हणजे नऊ हजारांच्या वर. गावात एवढे कोणी देणार नाही, हे मलाही कळतं.

२४ जानेवारी, रविवार

फोनचा रविवार. दर पंधरा दिवसांनी मी कार्ड घालून लावतो, गिरिजा वाण्याच्या दुकानात येऊन बसलेली असते. विचारलं, रापणीतल्या माझ्या जागेचं काय झालं? म्हणाली, “तुम्ही तुमचं बघा, इथलं मी बघते.” अगं पण नाव आहे की गेलं? म्हणाली, “कार्ड संपेल तुमचं.” आणि खरंच संपलं!

२७ जानेवारी

गावाहून पत्र. अक्षर प्रज्ञाचं. नेहमी गिरिजाच लिहिते, म्हणून आधी शेवटची ओळ वाचली. खाली पोरीने लिहिलंय—‘आईच्या हातांना फोड आलेत म्हणून मी लिहिते आहे.’ विहिरीचा रहाट दुरुस्त करून घ्या म्हणून चार वेळा लिहिलं. ऐकतो कोण! नुसत्या दोराने पाणी ओढत असणार.

रापणीबद्दल एकच ओळ. ‘रापण बरी चालली आहे.’

बरी चालली आहे, पण कुणाची? इथे कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून लिहून ठेवतो. आमच्या रापणीत साठ नावं. आजोबांपासून त्यात आमचं एक. होडीने जाळं गोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या. दोरीला ज्याचा हात, त्याला वाटा. बायका टोपल्या घेऊन वाळूत बसतात, दोरीला मात्र गडीच. परगावी जायचं तर आपल्या जागेवर बदली द्यायचा. बदली उभा आहे तोवर नाव राहतं. अख्खा हंगाम जागा रिकामी गेली की नाव कटतं, मग आजोबांचं पुण्यही कामाला येत नाही.

माझा बदली समाधान, चुलतभाऊ. तो ऑक्टोबरातच गोव्याला ट्रॉलरवर गेला. मला कळलं डिसेंबरात, तेही तिसऱ्याकडून.

जागा असेल तर परत जायचं. मनाने ते कधीच ठरवलंय. पण जागा नसेल तर जाऊन काय करू? जिथे ओढली तिथेच बाजूला बसून दुसऱ्यांना ओढताना बघू? ते मला जमणार नाही.

३ फेब्रुवारी

वारा. फेरी नाही. दिवसभर गळाची रिळं गोड्या पाण्याने धुतली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

हेमचंद्र साहेब आले. दुबईत शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, मूळचे पुण्याचे. एक शुक्रवार आड येतात, येताना माझ्यासाठी बायकोच्या हातचा डबा आणतात. आज पुरणपोळी होती. “मंजुषाने खास तुझ्यासाठी दिलीय.” चार पोळ्या! दोन खैरुद्दीनने उडवल्या.

साहेबांचं वेड एकच. त्यांच्या क्लबात एक बोर्ड आहे, त्यावर नाव लागायला हवं. मासा कोणता, तर पाठीवर शिडासारखा पंख असतो तो, आमचा मोरमासा. दोन हिवाळे झाले, हुलकावणी देतोय. नियम असा की मासा लागल्यापासून दुसऱ्या कुणी गळाच्या काठीला बोटसुद्धा लावायचं नाही. लावलं की बाद. मासा शेवटी सोडूनच द्यायचा आहे, मग एवढा सोवळ्यातला कारभार कशाला? पण हौसेला मोल नाही म्हणतात.

७ फेब्रुवारी

फोन. पुन्हा विचारलं. “जागेचं डोक्यातून काढा बघू तुम्ही,” म्हणाली.

म्हणजे गेली. सरळ सांगायचा धीर होत नाही तिला. रात्री जेवलो नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

साहेब मुलीला घेऊन आले होते. शुभ्रा, बारा-तेरा वर्षांची, गळ्यात व्हिडिओ कॅमेरा. नऊच्या सुमाराला मासा लागला—मोरमासाच! पाण्याबाहेर उसळला तेव्हा निळा पंख पुरा उघडला. साहेब ओरडले, “यल्ला खैरुद्दीन, बोट वळव!” चाळीस मिनिटं झुंजले. बसायला तयार नाहीत. मी बाजूला, हात मागे बांधून. खैरुद्दीनने मला तसंच शिकवलंय.

तेवढ्यात बाजूने लाट आली. साहेबांचा पाय सरकला, काठी खाली गेली. आणि माझे दोन्ही हात काठीवर!

मी ठरवून केलं नाही. दोन श्वास धरली असेल. साहेब सावरले, मी सोडली. मासा आला, मोजला, सोडला. मोठा होता—बोर्डावर नाव लागणारच होतं. साहेबांनी मला मिठी मारली. आणि मागून पोरगी म्हणाली, “डॅड, ही टच्ड द रॉड.”

साहेब म्हणाले, “कधी?” ती म्हणाली, “इट्स ऑन द टेप.”

खैरुद्दीन म्हणाला, “टेप मिटा दो ना, साहब. कोण बघतंय?” साहेबांनी मान हलवली. “नाही रे. डिसक्वालिफाय झालं ते झालं.” परत येईपर्यंत मी डेक पुसत राहिलो.

धक्क्यावर खैरुद्दीनने माझी सालटी काढली. “बारा वर्षांत असला नमुना बघितला नाही! हात आहेत की मांजर? दिसलं की झडप!”

जाताना साहेब गाडीपाशी थांबले. “रामचंद्र, खरं सांग. मी पडलो असतो का?”

नसते पडले. तेच सांगितलं.

“मग हात का घातलास?”

म्हटलं, साहेब, आमच्याकडे दोरी ओढताना पुढच्याचा पाय सरकला तर मागच्याने धरायची. हात बांधून उभा राहिला तर तो माणसात जमा नाही. आणि दोरीला हात लावला की त्याला वाटा मिळतो, मग तो वाटसरू का असेना.

साहेब म्हणाले, “पण इथे वाटा कसला? फिश तर आपण सोडून दिला.”

म्हटलं, तेच तर. इथे चार वर्षं झाली, मला अजून सवय होत नाही.

त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, “मी पण दर मार्चला परत जायचं ठरवतो. हल्ली मंजुषा विचारतही नाही.” मालकाला सांगणार नाही म्हणाले. डबा नेहमीसारखा हातात दिला. तो घेताना मला रडू आलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

फोन. जागेचं विचारलं नाही. तिनेही काढलं नाही. प्रज्ञाचे मार्क, बाबांचा खोकला, आंब्याला मोहोर. म्हटलं, हात कसे आहेत? म्हणाली, “आता घट्टे पडले, दुखत नाहीत.” म्हटलं, रहाट दुरुस्त कर. हसली.

२४ फेब्रुवारी

दोन फेऱ्या. उलट्या—एकच. सुदिन.

२६ फेब्रुवारी

खैरुद्दीन राग विसरला. मासळीचं कालवण करून आणलं, शेजारी बसला. म्हणाला, “माझी पण होती गावात होडी. आता भाचे चालवतात. मी गेलो तर खुर्ची देतात, होडी देत नाहीत. समजला काय? इथे निदान सुकाणू आहे हातात.” त्याच्याकडे सुकाणू आहे. माझ्याकडे बादली.

२८ फेब्रुवारी, रविवार

सही केली. दोन वर्षं.

फार विचार केला असं नाही. दमलो होतो. जागा असती तर आज बॅग भरली असती, पगार गेला खड्ड्यात. पण साठ जण ओढणार आणि मी वाळूत पाय पसरून बसणार, त्यापेक्षा इथे डेक पुसलेला बरा. इथे मला कोणी ओळखत नाही. मालक म्हणाला, “गुड, हबीबी.” पासपोर्ट आणि कागद दुपारीच मालकाच्या माणसाबरोबर व्हिसाच्या ऑफिसात गेले. आता बदलायची सोय नाही.

गिरिजाला पुढच्या रविवारी सांगीन.

२ मार्च, मंगळवार

रविवारपर्यंत दम निघेना. सकाळीच फोन लावला. वाण्याने प्रज्ञाला हाक मारली. आई कुठे, विचारलं. आधी म्हणाली, बाहेर गेलीय. मग म्हणाली, “बाबा, आई रापणीवर आहे. दोरीला. समाधानकाका गेले तेव्हापासून तुमच्या जागेवर आईच उभी राहते. तुम्हाला कळलं तर नोकरी सोडून याल, म्हणून सांगू नको म्हणाली होती. आधी अर्धाच वाटा देत होते, आई भांडली. आता पुरा देतात. बाबा, तुमचं नाव आहे अजून.”

सहीचं मी काही बोललो नाही.