तिजानीच्या गाडीतलं पुस्तक

सफाकस,
७ फेब्रुवारी २०१४

ती. दलेंदाआत्यास,
मकरमचा आदराचा सलाम, वि. वि.

सुकवलेल्या ऑक्टोपसची पिशवी बोटीवरच्या माणसाने सुखरूप पोचवली. फोनवर तुला ऐकू येत नाही हे एका परीने माझ्या पथ्यावरच पडलंय. लिहिताना चूक झाली तर खोडता तरी येते.

आत्या, पुस्तक छापून आलं. तू सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. वर नाव ‘समुद्र उथळ आहे तिथे’, खाली मोठ्या अक्षरात तुझं नाव, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘लेखनिक मकरम’. तीनशे प्रती आहेत. निम्म्या माझ्या खाटेखाली, निम्म्या चुलीच्या ओट्याखाली. घरमालकीण खदूजा म्हणते, बायको आणायची असेल तर आधी तिला पाय ठेवायला जागा कर. छपाईआधी मी पानं इतकी तपासली की छापखान्याचा मालक वैतागून म्हणाला, तू वाचतोयस की उवा काढतोयस? तरी एकेचाळिसाव्या पानावर एक टिंब राहिलंच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण काळजी वेगळीच आहे. मी शहरातल्या प्रत्येक पुस्तकवाल्याकडे जाऊन आलो. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये असं बाबा सांगायचे, म्हणून प्रत्येकाला एकेक प्रत दिली. पहिल्या पानावर माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात त्याचं नाव, त्याच्या दुकानाची स्तुती आणि तुझे आशीर्वाद लिहिले. सगळ्यांनी प्रेमाने घेतली. नूरीसाहेबांनी तर पुस्तक कपाळाला लावलं, कॉफी पाजली, आईची प्रकृती विचारली. तेव्हापासून मी रोज काचेतून डोकावतो. एकाही दुकानात पुस्तक मांडलेलं नाही. नूरींच्या शेजारचा न्हावी आता मला चोर समजू लागलाय.

वाचनालयातल्या राउदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिजानी बेटावर नेतो त्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीसाठी पुस्तकं दुकानातून, दुकानाच्या बिलावरच घ्यायची असा नियम आहे. लेखकाच्या पिशवीतून घेता येत नाहीत. म्हणजे दुकान नाही तर गाडीही नाही. तुझं नाव त्या गाडीच्या फळीवर पाहायचं, एवढं एकच तू माझ्याकडे मागितलंस, आणि तेही माझ्याच्याने होत नाही. पुस्तक वाईट झालंय का गं? खरं सांग, मी मनाची तयारी केली आहे.

आहे तेवढी माया राहू दे.
तुझा,
मकरम


रमला, कर्केना बेट,
१६ फेब्रुवारी २०१४

चि. मकरम यास, अ. उ. आ.

पुस्तक वाईट नाही, तू बावळट आहेस. अरे, ज्याच्या घरी तू ताट वाढून नेलंस तो ते ताट बाजारात नेऊन मांडेल का? पानावर त्याचं नाव लिहिलंस, वर माझे आशीर्वाद दिलेस. ते नूरीने विकलं असतं तर चारचौघांत त्याची काय इज्जत राहिली असती? ते पुस्तक त्याच्या घरी गेलं, आणि जायलाच हवं होतं. मी चाळीस वर्षं ऑक्टोपस विकतेय. द्यायचा तो फडक्यात बांधून जातो, विकायचा तो टोपलीत, आणि टोपलीला कुणी आशीर्वाद देत नाही.

आता कोऱ्या प्रतींचा गठ्ठा उचल आणि जा. सांग की ठेवून बघा, खपल्या तर पैसे द्या, उरल्या तर मी परत नेईन. आणि कॉफी बोलणं झाल्यावर पी. आधी प्यायलास तर पैशाची गोष्ट तुझ्या तोंडातून निघणार नाही. तुझ्या बापाचंही तसंच व्हायचं.

तू पाठवलेली प्रत माझ्या उशाशी आहे. पण ती घरची झाली. घरच्यांनी कौतुक केलेली मुलगी वेगळी आणि मागणी आलेली मुलगी वेगळी. मी पन्नाशीत अक्षरं शिकले आणि तिजानीच्या गाडीतून पहिलं पुस्तक घेतलं ते लहान मुलांचं होतं, गाढवाच्या चित्राचं. आत वाचनालयाचा शिक्का होता. तो शिक्का मी किती वेळ बघत बसले होते. थडग्यावर नाव काय, सगळ्यांचंच लिहितात. मला ते त्या गाडीत हवंय, शिक्क्यासकट, परक्या पुस्तकांच्या शेजारी.

तिकडे अताया गावची झोहरा सांगत सुटलीये की छापायला काय लागतं, साबणाच्या वडीवरसुद्धा नाव छापतात. वीस वर्षांपूर्वी तिची ऑक्टोपस धरायची मडकी माझ्या हद्दीतल्या पाण्यात आली होती, ती गोष्ट मी पुस्तकात घातली हे तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. तेव्हा जरा हातपाय हलव.

जेवत जा, टिंबाचा शोक पुरे.
तुझी आत्या,
दलेंदा


सफाकस,
२९ मार्च २०१४

ती. आत्यास, स. वि. वि.

तुझं पत्र खिशात ठेवून नूरींकडे गेलो. तुझ्या आज्ञेप्रमाणे आल्या आल्या कॉफी नको म्हटलं. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी विचारलं, माझ्याकडून काही आगळीक झाली का, की माझ्या कॉफीला वास येतो? मी घाईघाईने नाही नाही म्हटलं. शेवटी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तू शिकवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

आत्या, ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, मी रोज वाट बघतोय की हा मुलगा माल कधी आणतोय; आणि हा काचेतून डोकावून पळून जातो! मला वाटलं, तुला विकायचंच नाहीये, नुसता स्नेह वाढवायचाय. मी भेट दिलेली प्रत त्यांच्या आईकडे आहे. त्या रोज एक गोष्ट वाचून घेतात आणि सून मध्येच थांबली तर रागावतात. नूरींनी बारा प्रती ठेवून घेतल्या आणि चार तोंड बाहेर करून मांडल्या. मग आम्ही कॉफी प्यायलो. वास येत नव्हता. बाकीच्या दुकानदारांनीही थोड्या थोड्या घेतल्या. एकाने तर मी गठ्ठा सोडायच्या आतच, आलास का बाबा एकदाचा, असं म्हटलं.

नूरींच्या बिलावर राउदाबाईंनी दोन प्रती घेतल्या, एक शहरासाठी आणि एक गाडीसाठी. मी विचारलं की शिक्का सरळ येईल ना. त्या म्हणाल्या, बस इथे, तुझ्यासमोरच मारते. सरळ आला, आत्या.

एकेचाळिसाव्या पानावरचं टिंब मी सगळ्या प्रतींत बारीक पेनाने घालून टाकलंय. दुकानदारांना भेट दिलेल्या तेवढ्या राहिल्यात. त्यांच्या घरी जायला काही निमित्त सुचतंय का?

ही माया अशीच असू दे.
तुझा,
मकरम


रमला,
२ जून २०१४

चि. मकरम यास, अ. उ. आ.

आज गाडी आली. मी ईदची शाल पांघरून सगळ्यांच्या आधी चढले. तिजानी मान खाली घालून उभा. फळीवर पाहिलं तर दोन जाड पुस्तकांच्या मध्ये बोटभर फट, आणि पुस्तक नाही. मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो मागच्या बायकांनीही ऐकला. मी म्हटलं, माझ्या भाच्याने शहरात चपला झिजवल्या, आणि तुम्ही लोकांनी ते वाटेत पाण्यात टाकलं का?

तिजानीने मला बोलू दिलं. मग माझ्या कानाजवळ येऊन मोठ्याने सांगितलं की बाई, ते वाचायला गेलंय. मागच्या खेपेला आधी अतायाला थांबलो, तिथेच उचललं गेलं. कुणी, ओळख बघू? झोहराने! माझ्याबद्दल काय खोटं लिहिलंय तेवढं बघते, म्हणाली होती. आज परत द्यायचं होतं. दिलं नाही. निरोप पाठवलाय की शेवटची गोष्ट राहिलीये, आणि मडक्यांची गोष्ट खरी असली तरी मडकी सहा होती, नऊ नव्हती.

तिजानी विचारत होता, तिला उशिराचा दंड लावू का. मी म्हटलं, खबरदार! वाचू दे तिला सावकाश.

मग मी त्या फटीत हात घालून बघितला. दोन्ही बाजूंची पुस्तकं जराशी कलली होती, मधलं माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी. तिजानी दुसरं काही घ्या म्हणत होता, पण मला दुसरं नको होतं. इतक्या वर्षांत त्या गाडीतून पहिल्यांदाच रिकाम्या हाताने उतरले, आणि घर येईपर्यंत काही केल्या तोंड सरळ ठेवता येईना. शेजारणीला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं.

खाटेखालच्या प्रती लवकर संपव आणि खदूजाचं ऐक. दुकानदारांच्या घरी जायला निमित्त कशाला हवं? सोबत ऑक्टोपस पाठवतेय. फडक्यात बांधलेला आहे, लक्षात असू दे.

तुझी आत्या,
दलेंदा

ता. क. झोहरानंतर माझा नंबर आहे.