एका फोल्डरच्या दोन आया

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्याने डिस्क उपटली! कॉपी चालू असताना. "दिवा विझला होता गं ताई, मला वाटलं झालं."

आईच्या आवाजाची डिस्क. एकुलती एक.

त्याच्यावर ओरडणार होते. पण दुसरी प्रत काढून ठेवायचं काम कुणाचं होतं? बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्रॅम लिहिते मी. वीस वर्षं हेच करतेय. दिव्याखाली अंधार.

४ फेब्रुवारी

नीट लिहून ठेवते. ऑपरेशनच्या आधी आई तीन दिवस माइकपुढे बसली होती. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, हे सर्जनने आधीच सांगितलं होतं. तिने आम्हाला हाका मारल्या, गोष्टी सांगितल्या, धाकट्याला मनसोक्त रागावून घेतलं — "पुढे लागेल तेव्हा वाजवा!" त्याला अकरा महिने झाले. आता ती पाटीवर लिहिते.

आज डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली. नकलेवर आमचा प्रोग्रॅम चालवला. चाळीस टक्क्यांवर थांबला. पडद्यावर एकच ओळ — "हे होऊच शकत नाही."

ती ओळ माझीच. नऊ वर्षांपूर्वीची.

५ फेब्रुवारी

याला आम्ही असर्ट म्हणतो. कोड लिहिताना मध्येच छातीठोकपणे सांगायचं — इथे हे असं असणारच. नसलं तर प्रोग्रॅमने तिथल्या तिथे थांबायचं. मी लिहिलं होतं: प्रत्येक फोल्डर एकाच फोल्डरच्या पोटात असतो. धडधाकट डिस्कवर असतोच! पण आमच्याकडे धडधाकट डिस्क येईलच कशाला? डॉक्टरने उंबऱ्यावरूनच म्हणावं, "तुम्हाला ताप असूच शकत नाही," आणि बॅग उचलून चालू पडावं, तसं झालं हे.

नऊ वर्षांत ही ओळ किती जणांनी वाचली असेल? त्यांच्या डिस्कवर कुणाचं काय होतं?

आई पाटी घेऊन आली होती. "थांब गं जरा," म्हटलं.

६ फेब्रुवारी

ऑफिसात आमचे प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्टरबाईंना सगळं सांगितलं. "मग काढून टाक की ती ओळ! हाय काय अन् नाय काय."

तेवढं सोपं नाही. ओळ नसती तर प्रोग्रॅम चुकीच्या समजुतीवर पुढे गेला असता आणि डिस्कवर भलतंच लिहीत सुटला असता. थांबला ते बरंच झालं. चूक थांबण्यात नव्हती. मी ज्याच्याबद्दल ठाम होते, त्यात होती. मी स्वतः केलेल्या कामाबद्दल ठाम असावं. समोरून जे आलंय त्याबद्दल विचारावं.

बाई म्हणाल्या, "अगं शंकासुरा, मग विचार ना! इथे भाषण काय देतेस?"

८ फेब्रुवारी, रविवार

डिस्कलाच विचारलं. एकाच फोल्डरवर दोन फोल्डर हक्क सांगत होते. दोन आया, एक मूल! पण प्रत्येक फोल्डर आपल्या आत आपल्या आईचा पत्ता लिहून ठेवतो. म्हणजे मुलालाच विचारायचं. तो सांगेल ती खरी, दुसरीकडची नोंद पुसायची. एवढंच. नऊ वर्षं हे सुचू नये?

असर्ट काढला नाही. उचलून दुरुस्तीच्या नंतर ठेवला. आता तरी आई एकच असली पाहिजे. नसली, तर चूक डिस्कची नाही, माझी.

९ फेब्रुवारी

सापडलं! एकशे बारा फायली, त्यातल्या एकशे नऊ वाजतात. पहिलंच वाक्य — "हे चालू झालंय का? की मी आपली भिंतीशी बोलतेय?" धाकटा रडला. मीही.

आईने मान कलती करून ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, "ही बाई किती बोलते!" तिचे खांदे हलत होते. हसताना तिचा आवाज येत नाही, पण खुर्ची करकरते.

प्रती तीन काढल्या. एक ऑफिसात.

११ फेब्रुवारी

कालही ऐकलं, आजही. जेवताना धाकटा म्हणतो, "ते मला झापलंय ते लाव ना, ताई." लावलं. पाठ झालंय आम्हाला, तिच्याबरोबर म्हणतो.

आई ताटावरून लवकर उठली. दमली असेल.

१२ फेब्रुवारी

सकाळी माझ्या की-बोर्डवर पाटी ठेवलेली होती. बारीक अक्षरात, कडेपर्यंत भरलेली. सगळ्यात वर —

"तिचं ऐकून झालं असेल, तर माझं वाचाल का?"